नऊ जणांची व्हॅन

सोमवार, ३ फेब्रुवारी

लिहायचं लिहायचं म्हणत दिवाळी गेली, संक्रांत गेली. वही गादीखाली पडून होती. आज गादीच उचलली म्हणून सापडली!

गादी माझी. उचलली अप्पांनी. आमच्या व्हॅनच्या मागच्या मोकळ्या जागेतून — मला न विचारता! त्या गादीवर मी माहूरच्या घाटात झोपलोय, विष्णुपुरीला धरणाच्या पाण्याचा आवाज ऐकत पडलोय. दोनदा बारावी नापास झालेल्या माणसाकडं स्वतःचं म्हणून तेवढंच होतं.

"तिथं बाकडं बसवायचं हाय," अप्पा म्हणाले.

"कशाला?"

"सीटा कमी पडून राहिल्यात. रविवारी लातूरला जायचं. तुला पोरगी बघायला."

मला! पोरगी! आणि हे मला कळतंय गादी झटकताना!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नाव सृष्टी. बास, एवढंच सांगितलं. फोटो मागितला तर आई, म्हणजे आमची अव्वा, म्हणते, "तिथं गेल्यावर बघशील की." सीटचं रेग्झिन कोणत्या रंगाचं घ्यायचं, ते मात्र मला दोनदा विचारलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

संगमेश्वर मिस्त्रीच्या गॅरेजात बाकड्याचं वेल्डिंग चाललंय. तो आधीच म्हणाला, "पासिंग पाच जणांचं हाय. रस्त्यात धरलं तर माझं नाव घेऊ नका." शरणप्पा काका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, ही सोयरीक त्यांनीच काढलीय. ते म्हणतात, "घरची माणसं हायेत, भाड्याची न्हाईत! कोण धरतंय?"

पाच जण पुढं, दोन मागच्या बाकड्यावर. सात. सातच पाहिजेत, कारण पोरगी बघायला विषम आकड्यातच जायचं असतं. सम गेलं की सोयरीक मोडते म्हणे. अप्पा, अव्वा, काका, काकू, उज्वला अक्का, दाजी आणि मी. माझं नाव शेवटी!

मला फोम आणायला पाठवलं. मी अर्धापूरपर्यंत गेलो. का, ते माहीत नाही. ट्रकात केळी भरून राहिले होते. प्रत्येक थरामध्ये पाला घालतात, एकाही घडाला मार लागू नये म्हणून. लई वेळ बघत बसलो. केळीची एवढी काळजी!

फोम राहिलाच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हसू का डोकं आपटू! बाकडं बसलं, बोल्ट आवळले, अव्वानं त्याला विभूतीसुद्धा लावली. आणि आता काकांना सुचलं — "नवरदेव गाडी चालवत जातो का कुठं? लोक ड्रायव्हर समजतील की याला!"

म्हणजे ड्रायव्हर वेगळा. म्हणजे आठ. सम!

अप्पा तिथंच पायरीवर बसले.

"मग एक जण कमी करा," मी म्हटलं.

"कुणाला? सांग की तूच."

काकूंनी पदर खोचला. दाजी आभाळाकडं बघायला लागले.

"मला करा कमी!"

कुणी हसलं नाही. "लई आगाऊ हाय," म्हणत अव्वानं देगलूरच्या आत्याला फोन लावला. झाले नऊ! आता सरकत्या दाराजवळ एक घडीची सीट, आणि पुढं गियरशेजारी स्टूल. माणूस आत शिरायचा तर आधी दुसऱ्यानं उतरायचं. संगमेश्वर म्हणाला, "टपावर बी लावू का दोन?" त्यावर काका खरंच वर बघायला लागले!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शेवटी बोललोच. "नऊ जणांच्या बुडाची सोय केलीत! माझ्या मनात काय हाय, कुणी इचारलं?"

अप्पा जेवता जेवता म्हणाले, "तुझ्या मनाचं काय इचारायचं? आज इथं, उद्या माहूरला."

खरं आहे म्हणून जास्तच चिडलो. ताटावरून उठलो. उद्या पहाटे जातोच एसटीनं. माहूर नाहीतर कुठंही. बसा म्हणावं आठ जण त्या सीटांवर!

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहाटे कुठली जाग येते! ऊन वर आल्यावर पिशवी घेऊन जिन्यात आलो, तर दारात रिक्षा थांबली. एक पोरगी उतरली. एकटी. अव्वाला वाकून नमस्कार केला, अन् म्हणाली, "मी सृष्टी. लातूरहून आले. उद्या नऊ जण येणार म्हणून घरात सतरंज्या झटकून राहिलेत. मला कुणी इचारलंच न्हाई. म्हणलं, आधी आपणच जाऊन पोरगा बघून यावं."

काका आत पळाले.

मी वर आलोय. आठवडाभर वहीत माझंच गाऱ्हाणं. तिलाही कुणी विचारलं नसेल, हे एकदाही मनात आलं नाही.

अव्वा हाका मारून राहिली. पिशवीतला बरा शर्ट काढतो.