जागेची अडचण

विरार (पूर्व),
१४ नोव्हेंबर २०२५

ती. ताई,

नमस्कार. तू बरी असशील, भाओजींच्या गुडघ्याची सूज उतरली असेल, खुशीचे पेपर नीट गेले असतील. बाबांची विचारपूस तुझ्याकडेच करायला हवी, पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून ती खुशीकडे करतो. हे पत्रही तिच्याच हाती देतोय. एकोणीस वर्षं ऑफिसात कागद लिहितोय, पण घरी पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. खुशीला सांगितलंय, आई रागात असली तर आधी तिला जेवू दे, मग दे.

इकडे नवीन काही नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट अजून बंद आहे. सोसायटीची तीन वेळा मीटिंग झाली आणि तिन्ही वेळा चहा झाला. सीमा शाळेत शिकवून येते ती दुसऱ्या मजल्यावर पाच मिनिटं थांबून मग चौथ्यावर येते. बाबांना माझ्याकडे का आणत नाहीस असं कुणी विचारलं की मी लिफ्टचं सांगतो. ते खरं आहे, पण आता सांगायला जड जातं.

कामाचं आधी लिहितो. बाबांच्या खोलीच्या अर्जावरच्या आदेशाची प्रत तुला सहा तारखेला मिळाली असं खुशी म्हणाली. अर्ज फेटाळला म्हणजे सगळं संपलं असं धरू नकोस. प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. सहा डिसेंबरच्या आत कर. सोबत जुन्या अर्जाची प्रत, नकाशा, शेजारच्या स्वप्नाताईंनी दिलेली ना-हरकत आणि बाबांचे दवाखान्याचे कागद जोड. दवाखान्याच्या कागदांचा उपयोग होणार नाही, तरी जोड.

का होणार नाही, ते एकदा नीट सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. घराची भिंत आणि शेजाऱ्याची हद्द यांच्यामध्ये पाच फूट मोकळे सोडायचे, हा नियम. आम्ही बांधकाम-परवानगीवाले त्याला मार्जिन म्हणतो. खाली दुकान आहे, त्यावर तुमचं राहतं घर, आणि बाबांसाठी खाली संडास-मोरीसकट खोली काढायची तर ती बाजूलाच निघते आणि हद्दीपासून अडीच फुटांवर येते. अडीच फूट कमी. एवढ्याची सूट मागायची असेल तर अडचण दाखवावी लागते. पण अडचण जमिनीची असावी लागते. जमीन तिकोनी आहे, मध्ये विहीर आहे, पुढचा भाग रस्त्यात गेला आहे, असं काहीतरी. माणूस आजारी आहे, जिना चढू शकत नाही, ही त्या माणसाची अडचण झाली. माणूस आज आहे, उद्या नाही, भिंत मात्र तशीच राहते, असं आम्ही अर्जदारांना समजावतो. मी स्वतः कितीतरी जणांना हे समजावलंय. बाबा माझे नसते तर मला अजूनही ते बरोबर वाटलं असतं.

सुनावणीला तुझ्याआधी निर्मळच्या काशिनाथरावांचा नंबर होता. त्यांना वाडीत गाडीसाठी शेड हवी होती, ती चार मिनिटांत मंजूर झाली. गाडीला छप्पर मिळालं आणि आपल्या बापाला नाही, हे तुझ्या मनाला लागलं. लागणारच. पण ते आत आले आणि एवढंच म्हणाले, "काय करू मॅडम, जागाच वेडीवाकडी आहे." नकाशात ती तिकोनी दिसतही होती.

मग तू आत आलीस, मी बाजूला फायली घेऊन बसलो होतो. रोझलिन मॅडम अध्यक्ष आहेत, त्या कडक आहेत पण दुष्ट नाहीत. त्यांनी तुला विचारलं, जागेची काही अडचण आहे का? आणि तू काय म्हणालीस ते मला झोपेतही ऐकू येतं. "जागेची काय अडचन नाय मॅडम. बापानी देलेली जागा हाय, सोन्यासारखी. अडचन मानसाची हाय." मॅडमनी पेन थांबवलं आणि तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारला. त्या तुला वाट दाखवत होत्या. तुला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तू तेच आणखी मोठ्याने सांगितलंस.

दुसरी कोणीही असती तर तिने जागेला दहा नावं ठेवली असती. तू ठेवणार नाहीस हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. माहेरच्या जागेला वाईट म्हणायचं नाही, आणि बाबांनी गावाला सोडलेल्या नऊ फुटांचा उच्चार करायचा नाही. आईने एकदा पंगतीत तो विषय काढला तर बाबा ताटावरून उठले होते. गल्लीत रिक्षा शिरेना म्हणून त्यांनी समोरची जागा सोडली. कागद नाही, सही नाही. तलाठ्याच्या उताऱ्यावर आजही प्लॉट पुरा आहे. म्हणूनच तुझं घर एवढं मागे सरकलं आणि बाजूला श्वास घ्यायला जागा उरली नाही. ताई, मॅडम जी अडचण विचारत होत्या ती हीच. पुढचा भाग रस्त्यात गेलेला. एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर काशिनाथरावांसारखं तुझंही काम झालं असतं.

बाहेर जिन्यात तू मला विचारलंस, "तू तिथंच व्हतास ना रं? मंग बोलला का नाय?" मी म्हटलं, कर्मचाऱ्याने सुनावणीत बोलायचं नसतं.

ते खोटं होतं. मला विचारलं होतं. तू पिशवीतून बाबांचे रिपोर्ट काढत होतीस, म्हणून तुझ्या कानावर आलं नसेल. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहणीत काही वेगळं आढळलं का?" मी म्हटलं, "अहवालाप्रमाणे, मॅडम."

आता पुढचं लिहायला मी चहा करून आलो, आणि तो गारही झाला.

तू फाईल टाकलीस तेव्हापासून विचारत होतीस, मोजायला कधी येणार? कुणी आलं नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशीही तू फोनवर म्हणालीस, "आमच्याकडं कोन आलाच नाय मोजायला." मी म्हटलं, तू दवाखान्यात असताना येऊन गेले असतील. ताई, कुणी आलं नाही, कारण यायचं होतं ते मी. तुझी फाईल माझ्या टेबलावर होती. सासरच्या आडनावामुळे ऑफिसात कुणाला कळलं नाही की तू माझी बहीण. फाईल हाती येताच मी सांगायला हवं होतं आणि फाईल दुसऱ्याला द्यायला हवी होती. तो पाच मिनिटांचा कागद आहे. मी तो लिहिला नाही.

न लिहिण्याचं कारण मोठं काही नाही. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाने मेव्हण्याचं काम केलं म्हणून त्याची चौकशी झाली, तेव्हापासून सगळे एकमेकांकडे बघत असतात. माझं नाव बढतीच्या यादीत होतं. नातं सांगितलं तर विचारतील, आधी कितींची केलीस? नाही सांगितलं आणि अहवाल चांगला लिहिला, तर पुढे कधीतरी पकडतील. म्हणून मी तिसरं केलं. नातं सांगितलं नाही आणि अहवाल असा लिहिला की कुणी बोट ठेवू नये. मोजायला तुमच्या जूचंद्रला आलोच नाही. टेप घेऊन आलो असतो तर गल्लीपासून मोजावं लागलं असतं, आणि ते नऊ फूट कागदावर आले असते. ऑफिसात बसून उताऱ्यावरून लिहिलं: भूखंड नियमित आकाराचा, जागेची अडचण नाही, कारण वैयक्तिक स्वरूपाचे. खाली सही माझी आहे. तुझ्याकडच्या प्रतीला तो अहवाल जोडलेला नाही, म्हणून तुला नाव दिसलं नाही.

ही तारीखही सांगून टाकतो. अहवाल पंधरा ऑक्टोबरचा. तेवीसला भाऊबीज होती. तू मला ओवाळलंस, बाबांना खुर्चीत बसवून फोटो काढलास, आणि जेवताना भाओजींना म्हणालीस, "आपला मानूस हाय आतमदी, नीट होईल." मी दोन करंज्या खाल्ल्या. तिसरी तू वाढलीस तीही खाल्ली.

मला आता कसलं वाईट वाटतं ते स्पष्ट लिहितो. मी लाच घेतली असती तर निदान शिवी द्यायला काही राहिलं असतं. मी काही घेतलं नाही. मी फक्त चांगला दिसत राहिलो, आणि त्याची किंमत बाबांनी मोजली. खुशी सांगते, सात महिने ते वरच्या खिडकीखाली पडून आवाज ऐकतात आणि विचारतात, "गल्लीन कोन हाय?" स्वतःची जागा देऊन जी गल्ली त्यांनी मोठी केली, ती त्यांना एप्रिलपासून दवाखान्यात जातायेताच काय ती दिसते. दवाखान्यात न्यायचं तेव्हा तू आणि भाओजी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीतून उतरवता, आणि त्यातच भाओजींचा गुडघा गेला. मी त्या दिवशी येतो म्हणालो होतो. काम निघालं होतं, असं तुला सांगितलं. काम निघालं नव्हतं. मला तुमच्या जिन्यात यायचं धाडस झालं नव्हतं.

जूनमध्ये तू मला एवढंच म्हणाली होतीस, तेवढं बघशील ना? आणि मी म्हटलं, बघतो. आमच्या ऑफिसात बघतो म्हणजे काहीच नाही, तो फक्त माणसाला उठवायचा शब्द आहे. घरात बघतो म्हणजे करतो. तू घरातला ऐकलास. चूक तुझी नाही.

आज दुपारी साहेबांच्या हातात कागद दिला आणि पोच घेतली. त्यात तीन गोष्टी लिहिल्या आहेत. अर्जदार रचना ही माझी सख्खी बहीण. मी जागेवर न जाता पाहणी अहवाल दिला. भूखंडाचा पुढचा नऊ फूट भाग प्रत्यक्षात गल्लीत आहे आणि हे मला अहवाल लिहिताना माहीत होतं. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "दीपेश, हे परत घे, मी पाहिलंच नाही असं समजतो." मी परत घेतलं नाही. शेवटी त्यांनी पोच दिली. चांगला माणूस आहे, त्यांच्याही मागे कटकट लागली. चौकशी होईल. बढती गेली. निलंबन होईल की नाही ते सोमवारपर्यंत कळेल. काल सीमाला सांगितलं तर ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही. सगळी मेथी निवडून झाल्यावर म्हणाली, "ताईंना सांगितलं का?"

तर आता तू करायचं ते असं. फेरविचाराचा अर्ज गेला की नव्याने पाहणी होईल. बहुतेक हिलरी म्हणून एक सर्व्हेअर आहेत, ते येतील. त्यांना चहा-फराळ करू नकोस, पाणी दे. मी कोण ते लपवू नकोस आणि माझं कौतुकही करू नकोस. त्यांना समोर गल्लीत उभं कर आणि जुना कुंपणाचा दगड दाखव. तो गटाराच्या कडेला अजून आहे. गल्ली सोडली तेव्हाचे दोन म्हातारे गाठून त्यांचा जबाब लिहून द्यायला सांग.

आणि सुनावणीत या वेळी जागेला नावं ठेव. मला माहीत आहे तुला काय मागतोय. म्हण की जागा पुढून कापलेली आहे, अपुरी आहे, तिच्यात खोली बसत नाही. बाबा तिथे नसतील. त्यांना कळलं तर माझं नाव सांग, दीपेशने बोलायला लावलं म्हणून सांग. ते माझ्यावर रागावले तर बरंच होईल, आजारी पडल्यापासून ते कुणावर रागावलेले नाहीत.

मंजूर होईल का, ते मला माहीत नाही. व्हायला हवं, एवढंच नियम वाचून सांगू शकतो. झालं तरी बांधायला पावसाळा उजाडेल. तोवर बाबा वरच राहणार, आणि ते तोवर थांबतील असं डॉक्टर काही बोलत नाहीत.

म्हणून सोमवारपासून मी रोज सकाळी साडेसहाला येणार आहे. भाओजींनी हात लावायचा नाही. मी बाबांना पाठीवर घेऊन खाली आणीन, दुकानापुढे गल्लीकडे तोंड करून बसवीन, आणि आठ वाजता वर नेऊन झोपवीन. माझ्याशी बोलायची गरज नाही. माफ कर असंही मी म्हणत नाही, ते तुला जमेल तेव्हा जमेल किंवा जमणार नाही. दार उघडलं नाहीस तर आठपर्यंत पायरीवर बसेन आणि जाईन. दुसऱ्या दिवशी परत येईन. एवढं मात्र मी बघतो म्हणत नाही, येतो म्हणतोय.

बाबांना नमस्कार सांगू नकोस. तो मी येऊन करेन.

तुझा सख्खा भाऊ
(आज दुपारपासून ऑफिसच्या कागदावरही),
दीपेश