माझ्या नावाने चालणारी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
किन्हीराजा

आले एकदाची! सामान लागलं, गॅस पेटला, पहिला चहा झाला. आमच्या यांनी हयातीत हौसेने बांधलेल्या या दोन खोल्या हमरस्त्याला लागूनच आहेत. पुढे ओटा, मागे न्हाणी, खिडकीसमोर फुलांनी पिवळं झालेलं तुरीचं वावर. नागपूरची आमची इमारत पाडून नवी बांधणार आहेत, तोवर मुक्काम इथे.

सगळे विचारतात, मुलाकडे का नाही गेलात? विनोदच्या पुण्याच्या घरात दोन बेडरूम आहेत. एकीत ते तिघे झोपतात, दुसरीत ट्रेडमिल राहते. ट्रेडमिलला गुडघेदुखी नाही आणि तोंडही नाही, त्यामुळे तिचं सुनेशी छान पटतं.

मी मात्र खुशीत आहे. शेजारची गोजराबाई दुधाने भरलेला गंज घेऊन आली आणि उभ्याउभ्याच चौकशी आटोपली. बाई, एकट्याच राहून राह्यल्या का? तुमाले भेव नाही लागत? मी म्हटलं, टेलिफोन खात्यात जन्म काढला, अख्ख्या विदर्भाचे ट्रंककॉल जोडून दिले. भीतीच मला बिचकून असते. गोजराबाई खळखळून हसली. दात मोजकेच, पण हसणं भरपूर.

१२ नोव्हेंबर

विनोदचं पार्सल आलं. मला वाटलं स्वेटर असेल. निघालं स्मार्टवॉच. मागोमाग त्याचा फोन. आई, साखर वाढलीय, वजन वाढलंय, रोज चालत जा. स्टँडजवळच्या फय्याजच्या मोबाईल दुकानात जाऊन फोनमध्ये ॲप घालून घेतलं. त्यात विनोदने तिकडूनच किन्हीराजा ते पुणे असा रस्ता आखून दिला आहे. मी गावात जेवढी चालेन, तेवढा एक ठिपका नकाशावर पुढे सरकणार. मालेगाव, मेहकर, जालना करत करत पुण्याला. आणि ठिपका त्याच्या दाराशी पोचला, की तो त्याच दिवशी गाडी काढणार आणि मला न्यायला येणार. कायमचं. संस्कृतीची शपथ घेऊन म्हणाला. संस्कृती म्हणजे माझी नात, सहा वर्षांची.

मी चांगलं सुनावलं. तिकीट काढून मी उद्या सकाळी तुझ्या दारात उभी राहू शकते, पोटच्या पोराच्या घरी जायला आता पात्रता परीक्षा द्यायची का? तो म्हणाला, आई, तुला काहीही आनंदाने घेता येत नाही.

फोन ठेवल्यावर रडू आलं. आनंदाचंच असावं.

२३ नोव्हेंबर

रोज चालते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावायच्या. ते पुस्तक अजून पडलेलं नाही. ताठ मानेने शाळेपर्यंत जाते, पाणंदीने वळसा घालून परत. गोजराबाईला हे कोडं सुटत नाही. कामाले जानं नाही, वावरात जानं नाही, मंग बाई कायले चालून राह्यल्या? मी म्हटलं, पुण्याला निघालेय. ती म्हणाली, मंग पाणंदीनं कायले, यष्टी तर समोरून जाते.

चालून आले की ॲप मला सांगतं, शाब्बास वैजयंती, आज तू कमाल केलीस! एकेरीत. ओळख ना पाळख.

ठिपका मात्र सरकतो आहे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्याकडे बघते आणि झोप लागते.

एकच खटकतं. विनोद पूर्वी दर रविवारी फोन करायचा. आता अंगठा पाठवतो. आई बरी आहे, हे ॲप त्याला परस्पर कळवतं. मग आईला कशाला विचारायचं?

२ डिसेंबर

गुडघा सुजला. उठताही येईना. ठिपका मेहकरच्या पुढे जाऊन थांबला होता आणि माझा जीव खालीवर होत होता. गोजराबाई कापूस वेचायला निघाली होती. तिने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, आणा ते घड्याळ इकडं. तुमी पडून राहा, तुमच्या नावानं मी चालून येतो.

संध्याकाळी घड्याळ परत आलं, कापसाचे तंतू चिकटलेलं. ठिपका केवढा पुढे गेला होता! ॲपने शाब्बास म्हटलं, विनोदने अंगठा पाठवला. फसवणूक? असेल. मुलाने आईला परीक्षेला बसवलं, आईने डमी बसवला.

४ डिसेंबर

घड्याळ दोन दिवस कपाटात आहे. मी अंथरुणात आहे. ठिपका चालतो आहे.

कशीबशी फय्याजकडे गेले. तो म्हणाला, ॲप हँग झालं असंल, मॅडम. बंद करून चालू केलं, फोन माझ्या हातात दिला आणि सहज विचारलं, काल तुमी तिकडं कुठं निघाल्या होत्या? तो जालन्याहून माल घेऊन येत होता. मेहकरच्या पुढे रस्त्याच्या कडेने मी जाताना दिसले म्हणे. त्याने गाडीतून आवाज दिला, मी पाहिलं नाही. लय झपाझप चालून राह्यल्या होत्या, गुडघा बरा दिसते आता.

मी म्हटलं, फय्याज, आधी चष्मा बदल.

घरी येऊन नकाशा उघडला. काल ठिपका तिथेच होता.

८ डिसेंबर

आज घड्याळ मनगटावर बांधलं. पडद्यावर आलं, घड्याळ मनगटावर नाही. पट्टा घट्ट केला. पुन्हा तेच. नाडीच्या जागी नुसत्या दोन रेघा.

फोनमध्ये मात्र नाडी चालू आहे. दमदार. कुणीतरी मोकळ्या हवेत भराभर चालत असावं तशी.

मी दोन बोटांनी स्वतःची नाडी चाचपली. बराच वेळ चाचपली. थंडीने बोटं बधिर झाली असतील. पायही बधिर आहेत, गुडघ्याखाली काही कळत नाही.

विनोदला फोन केला. त्याने बोलूच दिलं नाही. आई, काय वेग आहे तुझा! ऑफिसात सगळ्यांना दाखवलं मी! मी म्हटलं, विनू, नीट ऐक, ती मी नाही. तो हसला. मग कोण आहे? त्याला मीटिंग होती.

१२ डिसेंबर

घड्याळ विहिरीत टाकायला गोजराबाईला दिलं. तिने टाकलं. मी खिडकीतून पाहिलं.

ठिपका जालना सोडून पुढे गेला.

भूक लागत नाही. डबे भरलेले तसेच आहेत. ॲप पुसून टाकायला गेले तर विचारतं, वैजयंती, इतकी जवळ आल्यावर थांबणार?

१५ डिसेंबर

गोजराबाई दूध घेऊन आली. मी पलंगावरच होते. म्हटलं, ये. ती दारातून आत बघत राहिली. बाई, ओ बाई, अशा हाका मारल्या. मी ओ दिली. पुन्हा दिली. ओरडले. तिने कान दिला, लांबून काही ऐकू आल्यासारखा, मग स्वतःशीच म्हणाली, गेल्या वाटते लेकाकडं. सांगून तर जायचं होतं.

जाताना दाराला बाहेरून कडी घातली. चांगली बाई आहे. कुत्री शिरू नयेत म्हणून घातली.

मी तिच्यासमोर बसले होते. हातभर अंतरावर —

१९ डिसेंबर

फोन वाजला. शाब्बास वैजयंती! तू पोचलीस!

लगेच विनोदला लावला. त्याने उचलला आणि विचारलं, कोण बोलतंय?

म्हटलं, कोण म्हणजे? आई.

तो म्हणाला, आई सकाळीच आली. न कळवता, एकटी, दारात उभी. तिचा फोन जालन्याच्या स्टँडवर चोरीला गेला आणि तो तुझ्याकडे आहे. आवाजाची नक्कल करून लोकांना लुटण्याचे धंदे मला माहीत आहेत, पोलिसात देईन.

मी चवताळले. अरे गाढवा, नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाईचा आवाज तुला कळत नाही? अक्कल त्या ट्रेडमिलवर धावून संपवलीस का?

त्याने फोन ठेवला नाही. मला वाटलं, ओळखलं. मग हळू आवाजात म्हणाला, तुला माहिती जुनी मिळाली. माझी आई आता असं टोचून बोलत नाही. आल्या आल्या तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि जेवलास का विचारलं.

मागे संस्कृती हसत होती. आजी, अजून, आजी, अजून, म्हणत होती.

आणि कुणीतरी माझ्या आवाजात विचारलं, कोण आहे रे, बाळा?

२० डिसेंबर

तिच्या सांगण्यावरून त्याने माझं सिम बंद केलं असणार. फोनला रेंज नाही. नकाशा नाही. ठिपकाही नाही.

जेवलास का, हे काय मी कधी विचारलं नाही? रोज विचारलं. डबा भरून दिला, ताप आला की उशाशी बसून राहिले. सूर माझा होता, एवढंच. गोड सूर काढणारी कुठून रस्त्याने चालत आली, आणि ती आई झाली —

२६ डिसेंबर

पाय चादरीखाली दिसत नाहीत. चादर सपाट आहे.

हात आहेत. पेन धरता येतं.

३ जानेवारी

गोजराबाई ओट्यावर बसून कुणाला तरी सांगत होती. लेकानं नेलं बाईले. नशीबवान म्हातारी.

आतून भिंतीवर हात आपटला. आवाज झाला नाही.

विनूला कसं कळवू? ती त्याच्याकडून काय नेणार आहे, हे मला — माझं तर सगळं —

१४ जानेवारी

गाडी. दारात गाडी थांबली —

कडी निघाली. विनू! विनू आला. न्यायला आला. कानाजवळ केस पिकलेत रे. मला कुणी सांगितलंच नाही.

सगळ्या खोलीभर बघतोय. माझ्यावरूनही नजर गेली. भिंतीवरून जाते तशी. म्हणतोय, आई, तुझी पांघरुणं तेवढी घेऊ, बाकीचं गोजराबाईंना देऊन टाकू.

ती उंबऱ्यात उभी आहे. माझा चेहरा. आत येत नाही. ती मला बघते आहे. एकटी तीच —

ओरडतेय. आवाज नाही. लिहितेय, हा कागद तरी बघ, विनू —

पलंगावर बसला. माझ्या पायाशी. गादीवर हात टेकला. थांबला. म्हणतोय, गादी गरम कशी?

हात माझ्या पावलावर आहे. कळलं मला. पाऊल आहे. इतक्या दिवसांनी, आहे —

तोंड उतरलं त्याचं. लहानपणी तापातून उठून बघायचा, तसा बघतोय. इकडे. बरोबर इकडे. ओठ हलले. आई? म्हणाला. पलंगाकडे बघून म्हणाला.

हो. हो रे राजा. इथेच —

दारातून ओ आली. किती गोड —

वळू नकोस. विनू, तिकडे वळू नकोस, माझ्याकडे बघ, इकडे, माझ्या व