आमच्या निवडुंगाले मुंग्या कोण लावून राह्यला?

कामरगाव

तीर्थस्वरूप विमलबाईले धाकट्या जानरावचा दंडवत. कारंज्यात तुझे गुडघे अन् भाऊजींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. फोन सोडून पत्र काहून, असं म्हणशील. फोनवर बोललं की भिंतीपलीकडे शेजारच्या उदयसिंगचे कान उभे राह्यतात, अन् हे प्रकरण त्याचंच आहे.

अंगणातल्या निवडुंगाच्या वाफ्यावर माझा किती जीव आहे, तुले ठाऊकच आहे. (लोक शेताच्या धुऱ्यावरचे काटे उपटतात अन् जानराव त्यायले पाणी घालते, हे उदयसिंगचं बोलणं गावभर फिरलं.) त्यातल्या मोठ्या गोल निवडुंगानं यंदा पहिल्यांदा कळी धरली, अन् त्याच आठवड्यात मुंग्या आल्या. आता याले योगायोग म्हणायचं काय? मुळाखालची माती त्यायनं अशी पोखरली की बुंधा बोटानं हलते. राख टाकली, हळद टाकली, कृषी केंद्रातली पावडर टाकली. मुंग्या थोडे दिवस गायब, मग आल्या त्या जास्तच गुटगुटीत. अन् एक दिवस मले मातीत पीठ अन् साखर दिसली! म्हणजे कोणीतरी त्यायले पोसून राह्यलं. उदयसिंग रोज सकाळी कुंपणावरून विचारते, "काय जानराव, मुंग्या बऱ्या हायेत ना?" (माझी तब्येत त्यानं आजवर विचारली नाही.) मी त्याच्याशी बोलणं सोडलं, त्याच्या घरचं ताक परत धाडलं, अन् चहाच्या टपरीवर चारचौघांत त्याले नाही नाही ते बोललो. कळी गळली तर मी त्याले सोडणार नाही. तूच सांग, माझं काही चुकलं काय?

तुझा,
जानराव

ता. क. पाकीट चिकटवायचं राह्यलं होतं ते बरंच झालं. आज पहाटे मी न्हाणीमागं दबा धरून बसलो अन् चोर रंगेहाथ सापडला. तुझी भावजय! हातात पीठ-साखरेची वाटी. म्हणे, माझी शुगर उतरावी म्हणून तूच तिले फोनवर सांगतलं, काट्याच्या झाडाखाली मुंग्यायले पीठ-साखर घाल म्हणून. तिचं म्हणणं, बाभूळ आहे पार नाल्यापाशी, तेवढं कोण चालते, घरचेच काटे काय वाईट! अन् नणंदेनं सांगतल्याबिगर बंद करणार नाही म्हणते. तर बाई, तुह्या पाया पडतो, तिले बंद करायले सांग.

पुन्हा ता. क. बंद करायले सांगू नको. आत्ताच तपासणी करून आलो, शुगर खरंच उतरली. फक्त जागा बदलायले सांग. उदयसिंगच्या दाराशी बोरीचं झाड आहे, काटे भरपूर. त्याची माफी मागायले गेलो होतो, तवा नीट पाहून आलो.