मध्यावर उंची किती?

प्रिय दादा,

आज सकाळी तुझ्या जागेसाठी मुलाखत दिली. उद्या दहाच्या आत एक गोष्ट ठरवायची आहे आणि जीव थाऱ्यावर नाही. सांगू तरी कोणाला? म्हणून तुलाच लिहायला बसले.

जाहिरातीत 'गणित, एक जागा' एवढंच छापलं होतं. ती एक जागा म्हणजे तू! तरी ती मला हवीच होती. याच कॉलेजात तासिका तत्त्वावर किती वर्षं काढायची रे?

मुलांपुढे द्यायच्या पाठासाठी तुझंच आवडतं फलन घेतलं, एक्स-वाय भागिले दोघांच्या वर्गांची बेरीज. पडद्यावर निळा-तांबडा पृष्ठभाग उमटला, माउसनं फिरवला तसा फिरला. तुझ्या वर्गात असं कुठे होतं? चार पोरांच्या हाती दुपट्ट्याची टोकं द्यायचास, दोन वर, दोन खाली. मला मागच्या बाकावरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. रागच यायचा तुझा.

निवड समितीतले बाहेरून आलेले तज्ज्ञ खूश झाले. मुलांना म्हणाले, बघा, मध्यावर कसं सलग आहे, उंची शून्य. मुलांनी लिहूनही घेतलं. पण ते सलग नाही ना, दादा! अक्षावरून मध्याकडे गेलं तर उंची शून्य, तिरप्या रेषेवरून गेलं तर अर्धा. संगणक थोड्या थोड्या अंतरावरचे बिंदू काढतो आणि मधलं आपल्या मनानं शिवून टाकतो. ते गोड दिसतं, इतकंच.

तू म्हणायचास, "सुले, चित्र पाहून भुलू नको. चारी अंगानं मधात जाऊन पाह्य." तेच आठवलं आणि मी बोलून गेले, "सर, इथे चित्र चुकतंय." त्या तज्ज्ञ साहेबांनी फाईल मिटली.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला. सूर मायेचाच होता. सकाळी दहाच्या आत साहेबांना भेटा, माझाच गैरसमज झाला म्हणा, पुढचं मी बघतो, म्हणाले.

तू काय केलं असतंस? आणि तुला तरी काय विचारू? छातीत दुखत असताना हसत हसत वर्गावर जात राहिलास. घरात कोणाला कळू दिलं नाहीस, आणि एक दिवस गेलासच. इतकं कसं लपवलंस रे? माझा राग अजून गेलेला नाही.

वहिनीला फोनचं सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ताई, तशी भेटलेली जागा त्याइची राहीन काय?"

उद्या वरवट बकालहून पहिल्या एसटीनं निघेन. साहेबांना भेटेन, पण माफी मागायला नाही. तीच आकृती उघडून मध्याभोवतीची जाळी बारीक करत जाईन. तिथला उतार कसा उभाच होत जातो, ते त्यांना दाखवीन. तेवढ्यानं ते चिडले, तर चिडू देत.

दादा, तुझी जागा मला हवी आहे, फार हवी आहे. नाही मिळाली तर पोटभर रडेन. पण वचन देते, सोमवारी त्याच मुलांपुढे तासिकेवर उभी राहीन आणि त्यांना खरं काय ते सांगेन.

तुझी,
सुलू