पाठीवरचं नाव

सलवा, कुवेत
शनिवार, १७ जानेवारी २०२६

ती. सौ. चारुशीलावन्संना नर्मदेचा नमस्कार.

तिळगूळ पोचला. डब्याचं झाकण फुटलं होतं, वड्या मात्र शाबूत होत्या. शलाकाने दोन दिवसांत संपवल्या. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? इथे यंदा थंडी बरी आहे. नर्सरीच्या स्वयंपाकघरातलं माझं काम नीट चाललंय, काळजी नसावी.

आपण रोज व्हिडिओवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुमचा चेहरा दिसतो, म्हणून.

मंडळातले राजाभाऊ सोमवारी नाशिकला निघालेत, त्यांच्या हाती हे देते आहे. सोबत एक बंद पाकीट आहे. ते पत्र संपल्यावर उघडा. आधी शलाकाची बातमी.

काल आणि आज तिच्या बर्फावरच्या हॉकीचे सामने होते. चार संघ, त्यातला एक मस्कतहून आलेला. काल एक जिंकले, एक हरले. आज तिसऱ्या नंबरासाठी खेळले आणि हरले. म्हणजे चौथा नंबर, चारांत. तरी पदकं सगळ्यांना दिली.

हा खेळ तिला तुमच्या भावाने लावला, हे तुम्हाला ठाऊक आहे. एका ऑगस्टमध्ये आमचा एसी बंद पडला, तर गारव्याला म्हणून हे तिला रिंकवर बसायला घेऊन गेले आणि येताना तिचं नाव घालून आले. मी सातवी शिकलेली. नियमांचं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं. ह्यांनी वाचलं नाही. शेवटपर्यंत गोल कोणत्या बाजूला करायचा हे मलाच विचारायचे, आणि चुकीच्या वेळी टाळ्या वाजवायचे.

या वेळी नवे शर्ट आले. पाठीवर नाव छापतात. यादीत दोनच शब्दांपुरती जागा होती, त्यामुळे तिचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच उरलं, गायधनी गळालं. शर्टवर दुसरा शब्द छापायचा असतो. तेव्हा शलाकाच्या पाठीवर ह्यांचं नाव आलं, इंग्रजी अक्षरांत, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. अफताब म्हणून संघाचे कोच आहेत, ते म्हणाले, बदलून देतो. शलाका नको म्हणाली. हिबा नावाची तिची मैत्रीण आहे, ती आणि बाकीची मुलं दोन दिवस तिला त्याच नावाने हाका मारत होती. त्यांच्या तोंडी ते नाव काहीतरीच लागतं.

मी ऐकत बसले. शेजारी रत्नागिरीची नूरबानू होती, तिचा यासिर शलाकाच्याच संघात आहे. ती बेंबीच्या देठापासून ओरडते. मला म्हणाली, "अगो नर्मदा, तुझी पोरगी खेळते नि तू मयताला बसल्यासारखी काय बसलीस? मार की हाक!"

मी म्हटलं, "कोणत्या नावाने मारू?"

"पाठीवर लिहिलंय, त्याच!"

"ते मला घेता येत नाही."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. "या अल्ला," म्हणाली, आणि आपल्या थर्मासमधला चहा मला दिला.

वन्सं, आता पाकिटाचं सांगते.

तुम्ही मला चारदा विचारलंत, त्या दिवशी सकाळी तो काही बोलला का. चारही वेळा मी म्हटलं, नेहमीसारखे गेले. तुम्ही हेही म्हणालात, की त्याच्या खिशातली ती खणाची पिशवी मला पाठव, तेवढीच आठवण. मी म्हटलं, कंपनीकडून आलेल्या सामानात ती नव्हती. हे खरं आहे. पण ती खिशातच नव्हती, हे मी बोलले नाही.

शेवटच्या सुट्टीत तुम्ही ह्यांना नाशिकला डॉक्टरांकडे नेलंत. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांसाठी पिशवी शिवलीत आणि निघताना माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "तो विसरभोळा आहे. पिशवी खिशात आहे की नाही, ते तू बघायचंस."

त्या दिवशी मी बघितलं नाही. पहाटे साडेपाचला हे खाली गेले आणि मला ती टेबलावर दिसली, चष्म्याच्या घराखाली. ती उचलून मी बाल्कनीत धावले. शुऐब्याच्या प्लांटवर नेणारी कंपनीची बस खाली उभी होती. हे पायरीवर एक पाय ठेवून ड्रायव्हरशी बोलत होते, पाठ माझ्याकडे. मी हाक मारली, "अहो!" पुन्हा मारली, "अहो, अहो!" रांगेतली चार माणसं वर बघायला लागली. तुमच्या भावाने नाही बघितलं. चार माणसांत 'अहो' म्हणजे कोणीही.

नाव माझ्या तोंडात आलं होतं, वन्सं. खोटं नाही सांगत. पण लग्नानंतर सतरा वर्षांत घेतलं नव्हतं, आणि खाली त्यांच्या कामावरची माणसं उभी होती. मला लाज वाटली. दार लागलं, बस गेली.

मग फोन लावला. बसमध्ये ते डोळे मिटून बसायचे, उचलला नाही. पुढे प्लांटमध्ये फोन आत नेता येत नाही. मीही मनाशी म्हटलं, एका दिवसाने काय होतंय. पोळ्या लाटायला घेतल्या.

साडेदहाला त्यांच्या छातीत कळ आली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद मी किती वेळा वाचला असेल. प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघितला. त्यात लिहिलंय, नेहमी जवळ बाळगावी. गोळी असती तर वाचले असते का, ते त्यात नाही. डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही. चौदा महिने झाले.

आता हे आजच का, तर आज सकाळी सामना सुरू होताना माझ्या पर्समध्ये शलाकाची डबी सापडली. तिच्यात दातांवर बसवायचं रबर असतं, ते नसेल आणि तोंडावर काठी लागली तर दात जातात. ती बर्फावर निघाली होती, पाठ माझ्याकडे. मी हाक मारली, "शलू!" पुन्हा मारली. डोक्यावर शिरस्त्राण, नुसता गोंगाट, तिला ऐकूच जाईना. आणि पाठीवरचं नाव माझ्यापासून लांब लांब जायला लागलं.

मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "बाळासाहेब!"

काय आवाज निघाला, मला माहीत नाही. नूरबानूच्या हातातलं झाकण खाली पडलं. शलाका जागच्या जागी वळली आणि सरळ माझ्याकडे आली.

एका हाकेत वळली, वन्सं. एकाच.

डबी घेऊन ती खेळायला गेली. घरी येताना गाडीत म्हणाली, "आई, तू बाबाला हाक मारलीस."

मी म्हटलं, "तुला मारली."

"नो. यू डिडन्ट." मग घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

पाकिटात पिशवी आहे. गोळ्या आत तशाच आहेत, एकही कमी नाही. मोजू नका.

मला माफ करा, असं लिहीत नाही, कारण मग तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की शलाकाला घेऊन नाशिकला येईन. लग्नात तुम्ही उंबऱ्यावर दोन्ही हात आडवे धरून उभ्या होतात, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणून. मी इतकं हळू घेतलं, की तुम्ही म्हणालात, "ऐकू नाही आलं, पण जा." या वेळी अडवलंत, तर ऐकू येईल असं घेईन. आणि दारच लावून घ्यावंसं वाटलं, तर शलाकाला तेवढी आत घ्या. मी बाहेर थांबेन.

तुमची भावजय,
नर्मदा बाळासाहेब गायधनी