'शोकाकुल'च्या पुढची जागा

२० जानेवारी, सोमवार
एकतीसला रिटायर होतोय. कॉलेजात कुणी विषयच काढत नाही. सरप्राइज असणार.
संकल्प: जाण्याआधी अकरावीच्या पोरांना जीवनाचं ध्येय मिळवून द्यायचंच. वर्कशॉप घेतो, 'माझ्यामागे काय उरेल?' प्रत्येकाने स्वतःच्या श्रद्धांजलीच्या बॅनरचा मजकूर लिहायचा. कल्पना माझीच. मनवेलपाड्याच्या नाक्यानाक्यावर असे बॅनर आहेत, नमुने शोधायला नकोत.

२१ जानेवारी
तरी नमुना म्हणून माझाच छापून घेतला. फ्लेक्सवाल्या दीपेशने फोटो बघून विचारलं, सर कधी गेले? माझाच जुना विद्यार्थी, दोन वर्षं पहिल्या बाकावर. मी समोर उभा. मग फारच ओशाळला. फोटो जुना आहे ना.
हार, समई, 'कै. चंद्रहास सर, विद्यार्थ्यांचा दीपस्तंभ'. 'शोकाकुल'पुढे कुणाची नावं टाकू, म्हणाला. म्हटलं, कोरं ठेव, पोरं आपणहून लिहितील. जागा कमी पडू नये म्हणून दोन फूट सोडायला लावली.
बायको विनिता म्हणाली, असलं अवलक्षण माझ्या घरात आणायचं नाही. बी.एड. नसलं की असं होतं.

२२ जानेवारी
बॅनर वर्गात टांगला, दोरीला मार्कर. ज्यांना मी आठवेन त्यांनी नाव लिहावं. सक्ती नाही. वर्गात एकदम शांतता. भारावले असावेत.
मजकूर वाचले. संकेत: 'चंदनसारला वन-बीएचके, नळाला रोज पाणी. आईने कळशी उचलली नाही पाहिजे.' माणिकपूरची लुसी: 'आजीला दर रविवारी हात धरून चर्चमध्ये मिस्साला नेते. तिच्या लक्षात राहिले तरी बस.' दोघांनाही शेरा: 'थिंक बिग!'
लुसीने विचारलं, सर, तुम्हाला कोण लक्षात ठेवेल? घंटा व्हायला आली होती, म्हणून उत्तर दिलं नाही. तसा अर्धा तास होता.

२४ जानेवारी
नावं: शून्य. फार उंचावर आहे. खाली घेतला.
अनुष्काने बाक बदलून मागितला. म्हणाली, सर, तुम्ही बघत राहता. मी नाही, फोटो. बदलून दिला. पण शिकवताना मलाही वाटलं, पाठीमागे कुणीतरी ऐकतंय. आणि कंटाळलंय.

२८ जानेवारी
कोऱ्या जागेत काहीतरी दिसलं! धावत गेलो. कुणीतरी मच्छर मारला होता.
संध्याकाळी वर्ग बंद करताना वारा नसताना बॅनर हलला. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. फोटोतला मी मेलो, आठवडा झाला, आणि कुणी भेटायलाही आलं नाही. घाईघाईने कुलूप लावलं.
न येण्याचं कारण साधं आहे. पोरांची परीक्षा जवळ आली.

३१ जानेवारी, संध्याकाळी
प्रिन्सिपल सुहासिनी मॅडमनी कपाटाची चावी जमा करून घेतली. शाल, नारळ, चहा. सरप्राइज बहुतेक नंतर असेल. शिपाई रामनाथने बॅनर गुंडाळून हातात दिला, उद्या भिंतीला रंग लावायचाय म्हणाला.
विनिताने दारातच अडवलं. म्हणून गच्चीवर आलो. बॅनर पसरला. दोघे एकमेकांकडे बघत बसलो. आज तो जरा बिचारा वाटला.
मार्कर चुकून खिशात आला होता. पोरं लाजतात, सुरुवात कुणीतरी करून द्यावी लागते.
शोकाकुल : चंद्रहास.
अक्षर बरं आलंय. पुढे भरपूर जागा आहे.