पहिल्या रांगेतली खुर्ची

३ फेब्रुवारी

ऋतुराज येतोय! पंधरा तारखेला, सोलापुरात, कॉमेडी शो घेऊन, तिकीट लावून. आणि त्याची जाहिरात वाचायची कुणी? मीच. रेडिओवरच्या सकाळच्या शोमध्ये, हसत हसत. साहेबांनी कागद पुढे केला तेव्हा वाटलं, फाडून त्यांच्याच चहात टाकावा.

चार वर्षं आम्ही दोघांनी मिळून हाच सकाळचा शो केला. माझ्या रिक्षावाल्या अब्बांचे किस्से मी ओपन माइकला सांगायचे, हा मागे उभा राहून पोट धरून हसायचा. मग पुण्याला गेला आणि तेच किस्से ‘माझा बाप रिक्षावाला’ म्हणून स्वतःच्या नावावर खपवले. शब्दाला शब्द! रिक्षात सांगायला घेतलेली गोष्ट अर्धी राहिली म्हणून अब्बा सात रस्ता चौकाचा पॅसेंजर विजापूर रोडला नेऊन सोडायचे, भाडं मात्र सात रस्त्याचंच. मी दहावीला गणितात गेले, तर बाकी विषयांत पास झाली म्हणून स्टँडवर पेढे वाटले. लाखो लोक हसले. अब्बा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. फोन केला तर म्हणतो, अगं कौसर, जोक काय कुणाच्या मालकीचा असतो का.

याचा खरा बाप निवृत्त फौजदार. माढ्याला असतो.

५ फेब्रुवारी

झोप नाही. अम्मीवर उगाच ओरडले.

८ फेब्रुवारी

सापडलं! त्याचे सगळे व्हिडिओ बघून काढले. पेढ्यांचा किस्सा झाला की दर वेळी हा प्रेक्षकांतले दिवे लावायला सांगतो, पहिल्या रांगेतला एखादा म्हातारा धरतो आणि माइक देऊन विचारतो – काका, तुमचं पोरगं नापास झालं तेव्हा तुम्ही काय केलं? तोवर त्याला समोरचं कुणी दिसत नाही, स्टेजचे दिवे डोळ्यांवर असतात.

आणि पहिल्या रांगेचे पास श्रोत्यांना वाटायचं काम माझ्याकडे आहे.

९ फेब्रुवारी

माढ्याला फोन लावला. उदयसिंह काकांना सांगितलं, मुलाच्या शोचा पास आहे. त्यांनी विचारलं, ‘त्यानं बोलावलंय व्हय?’ मी हो म्हटलं. खोटं बोलले आणि मजा वाटली!

बाकीचे पास कॉलेजच्या पोरापोरींना. रांगेत म्हातारा एकच.

१५ फेब्रुवारी

झालं. पेढ्यांचा किस्सा सांगून झाला, दिवे लागले. त्याने माइक पुढे केला, ठरलेला प्रश्न विचारला आणि मग समोरचं तोंड बघितलं. काका उठून उभे राहिले.

‘पट्ट्यानं मारलं,’ म्हणाले. ‘तुलाच की.’

हॉलभर हशा. लोकांना वाटलं, ठरवूनच केलंय. ऋतुराज विंगेत गेला तो परत आलाच नाही. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. काळीज गार झालं. अब्बा, बघितलंत ना?

१६ फेब्रुवारी

सकाळचा शो संपवून बाहेर आले तर काका आमच्या रेडिओच्या जिन्यात बसलेले. भांडायला आले असणार. मीही तयारीतच होते.

‘रातीला पोरानं समदं सांगितलं. पेढं वाटणारा बाप तुझा व्हय?’ म्हणाले. मी हो म्हटलं.

‘पोरानं चोरी केली, लई चुकलं त्याचं. पर माझं काय सांगितलं असतं त्यानं चार लोकांत?’ मग थोडं सरकून मला पायरीवर जागा केली. ‘आजून काय काय करायचे गं तुझे वडील? सांग की.’

मी बसले.